हिऱ्या, त्याइले सांग

मोहाची फुलं पडू लागली की माझे कान भिंतीकडे जातात. परसातला मोह आता एकच उरला आहे, तोही म्हातारा, पण फागुनात सकाळी त्याचा गोड, किंचित आंबूस वास घरभर शिरतो आणि माझ्या डोक्यात इंग्रजी सुरू होतं. मला इंग्रजी येत नाही. पण मोहाच्या वासाची आणि इंग्रजीची गाठ माझ्या डोक्यात अशी बसली आहे की आता ती सुटायची नाही.

यंदा तर घरातच दहावी आहे. नात मयुरी भिंतीपलीकडे घोकत असते आणि मी ओसरीवर खाटेवर बसून ऐकतो. "ही सेड दॅट ही वॉज गोइंग होम." मग दुसरा आवाज येतो, म्हातारा, पण काठीसारखा सरळ. "अना 'टुडे'चं काय होईन?" मयुरी अडखळते. "'दॅट डे' होईन. आज म्हणणारा माणूस म्हणून गेला. त्याचं आज आता आपलं आज कसं राहीन?"

हा दुसरा आवाज लहानीचा. लहानी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, गणपतची बायको. मुख्याध्यापिका होऊन रिटायर झाली. आजूबाजूच्या गावांत अर्ध्या बायका तिच्या हाताखाली शिकलेल्या आहेत आणि तिला नावानं ओळखतात. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणून ते नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. ज्याला हे जुनाट वाटेल त्याला वाटो. मी चौथी शिकलो आणि मग धानाच्या बांधीत उतरलो. माझं वळण बांधीतलं आहे, ते आता ऐंशी ओलांडल्यावर कोण बदलणार.

आमच्याकडे भासरा आणि भावसून एकमेकांशी बोलत नसत. म्हणजे भांडण नाही, तो मानच. भासरा घरात शिरताना खाकरायचा, भावसुनेनं पदर ओढून आत व्हायचं. तिला सांगायचं असलं तर मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस म्हणजे सासू, जाऊ, नणंद, पोर, जे हाताशी असेल ते. दोघं एकाच घरात, मधे एक भिंत, आवाज सरळ कानावर येतो, तरी जोवर मधलं माणूस बोलत नाही तोवर आपण ऐकलेलं नसतं. आजही भिंतीपलीकडून लहानी म्हणते, "मयुरी, आबाले सांग, चहा थंडा होऊन राहिला." मला सगळं ऐकू येतं. पण मयुरी दारात येऊन सांगेपर्यंत मी कपाला हात लावत नाही.

लहानी दुसऱ्यांदा मॅट्रिकला बसली त्या वर्षी आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. जिल्हा भंडारा, गाव कामठ्याच्या पलीकडे. राज्य बदललं म्हणून पाटीवरची अक्षरं बदलली असतील. आमच्या घरात जे बदललं होतं ते वेगळं होतं. आदल्या पावसाळ्यात गणपत तापानं गेला होता.

गणपत माझ्यासारखा नव्हता. मॅट्रिक झालेला, हसरा. लग्न झालं तेव्हा लहानीची नववी झाली होती, कारण तिचा बाप रेल्वेत आणि तेव्हा गोंदियालाच नेमणुकीला. गणपतनं तिला घरी बसून मॅट्रिकला बसवलं. ती सगळ्यात निघाली, म्हणजे पास झाली, इंग्रजीत अडकली. पुढच्या वर्षी तेवढाच पेपर द्यायचा होता. मग पाऊस आला, ताप आला. शेवटच्या दुपारी त्यानं माझं मनगट धरलं. हात चुलीतल्या लाकडासारखा गरम. म्हणाला, "दादा, लहानीचं इंग्रजी काढून टाक."

हे मी आईला सांगितलं आणि आईनं लहानीला सांगितलं. मी ओसरीवर होतो, ऐकत होतो. आई म्हणाली, "तो म्हणे, तुले शिकवाचं." शब्द बदलले होते. मनगट नव्हतं, दादा नव्हतं, काढून टाक नव्हतं. मला राग आला होता, पण भावसुनेला मी परत कसं सांगणार? पुढे मला कळलं की माणूस गेला की त्याचं सगळं बोलणं असंच दुसऱ्याच्या तोंडानं येऊ लागतं. गणपत असं म्हणायचा, गणपतला असं वाटायचं. प्रत्येक तोंडातून जाताना थोडं थंड होतं. ते मनगटावरचं गरम तेवढं माझ्याकडे राहिलं, ते मी कुणाला देऊ शकलो नाही.

संक्रांत झाल्यावर लहानीचा बाप आला. आता तो रायपूरकडच्या एका स्टेशनावर होता. डोक्यावर रेल्वेची टोपी, हातात छत्री, कोरड्या दिवसांतसुद्धा छत्री. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी पोरीले न्याले आलो."

लहानी कवाडाच्या मागे उभी होती. तिथून स्वच्छ आवाज आला, "मी नाई येत. मले पेपर द्याचा हाये."

व्याह्यांनी ऐकलं, मी ऐकलं, दारातल्या कुत्र्यानं ऐकलं. पण माझ्यादेखत बोललेलं, म्हणून व्याही वर आढ्याकडे बघत बसले, मी जमिनीकडे. मग आई आतून आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "ते म्हणते, नाई येत. पेपर देतो म्हणते."

आता कुठं व्याह्यांच्या कानात शिरलं. "पेपर देऊन काय करन?"

"शेजारच्या गावी पोरींची शाळा निघून राहिली," मी म्हणालो. "तिथला मास्तर म्हणे, मॅट्रिक बाई भेटली तर घेतो."

"अना नापास झाली तर?"

व्याही वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या घरी त्याच्या सुनेचं राज्य होतं, आणि विधवा नणंद त्या घरात काय होऊन राहते ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. राखेनं भांडी घासायची, सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि बोलायचं नाही, कुणाशीच. व्याह्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "ठीक हाये. निकाल लागन त्या दिवशी येतो. पास झाली तं तुमची. नाई तं माही."

मी म्हणालो, "या."

तेवढंच म्हणालो, पण तिला पेपरला न्यायचंच, हे आत मी धरूनच बसलो होतो. गावात लोक हसत होते. विहिरीवर बळीराम म्हणाला, "का गा, भासरा भावसुनेले परीक्षेले नेऊन राहिला म्हणते. मंग पेपर कोण लिहिते, तू का ते?"

"मीच लिहितो," मी म्हटलं. "तू तपासाले बसजो."

खरं सांगतो, गावानं 'ने' म्हटलं असतं तर मी इतका हट्टाला पेटलो नसतो. गावानं 'कशाला' म्हटलं आणि माझं पक्कं झालं. तसा स्वभावच आहे.

माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून घरात आम्ही तिघंच. लाखोळीचं पीक काढून झालं होतं, जवस खळ्यावर आला होता. उजाडायच्या आत आई टोपली घेऊन मोह वेचायला जाई आणि लहानी परसात सुपावर मोह वाळत घालता घालता घोके. पुस्तक सुपाच्या कडेला उघडं. मोहाची फुलं ओली, पिवळट, चिकट. पुस्तकाच्या पानांवर त्यांचे डाग पडत. गोठ्यात मी बैलांना तणीस टाकत असे आणि मधे कुडाची भिंत. इंग्रजी ओळी तणसासारख्या माझ्या अंगावर पडत. एकदा आईनं तिला विचारलं, "काय व म्हणून राहिली इतकी?"

"डायरेक्ट, इनडायरेक्ट," लहानी म्हणाली. "एक माणूस जसं बोलला तसंच लिहाचं तं डायरेक्ट. दोन्ही बाजूनं असे टिकले द्याचे, जिऱ्यासारखे. अना त्याचं बोलणं आपण आपल्या तोंडानं सांगतलं तं इनडायरेक्ट. मंग 'मी'चा 'तो' होते, 'इथं'चं 'तिथं' होते."

आईनं सुपावरची फुलं पसरली. मग म्हणाली, "बाप्पा. हे तं मी लग्न झाल्यापासून करून राहिलो. यालेच मॅट्रिक म्हणते का?"

कुडाच्या या बाजूला मी हसलो, त्या बाजूला ती हसली. गणपत गेल्यानंतर त्या घरात हसू आलं ते त्या दिवशी. दोघांनी एकमेकांचं हसू ऐकलं आणि दोघंही गप्प झालो. ते हसू आईच्या तोंडून आलं नव्हतं ना.

बैल दोन. हिऱ्या शांत, मोठ्या डोळ्यांचा. कबऱ्या ठिपक्यांचा आणि तापट. पेपर गोंदियाच्या शाळेत होता. आदल्या संध्याकाळी मी बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आसाला वंगण दिलं, तणीस अंथरलं. आई मधलं माणूस म्हणून सोबत यायची होती. आणि त्याच संध्याकाळी लाकडं काढताना आईला विंचू चावला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. भगत आला, पाला लावून गेला. आई दात आवळून पडून राहिली. तिच्या पायाचं ती काही बोलत नव्हती. ती एकच म्हणत होती, "मधात कोण बसन?"

शेजारची सोनाबाई "येतो" म्हणाली होती. सकाळी बैल जुंपून तिच्या दाराशी गेलो तर आतून कडी. हाक मारली, कोंबड्या ओरडल्या, सोनाबाई नाही. आणखी दोन दारांवर गेलो. एका घरी मोहाला गेल्या होत्या. दुसऱ्या घरी बाई दारातच होती, पण म्हणाली, "विधवा बाई, सकाळचं तोंड पाह्यचं, रस्त्यानं संगं जाचं, नाई जमत भाऊ." पूर्वेला उजेड फुटत होता. लहानी बंडीपाशी उभी, हातात लिहायची फळी आणि पुस्तक, पदर पुढे ओढलेला. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

आईनं खाटेवरून आपलं धुतलेलं लुगडं माझ्याकडे फेकलं. "हे बंडीत मधात बांध. हे मीच बसलो समज." मग थांबली आणि म्हणाली, "अना काही सांगाचंच असन तं बैलाले सांगजा. हिऱ्या समजदार हाये."

तर असे आम्ही निघालो. पुढे मी, मागे लहानी मागच्या रस्त्याकडे तोंड करून, मधे दोन बांबूंना बांधलेलं आईचं लुगडं. वारा आला की ते फुगायचं, जणू खरंच कुणी मांडी घालून बसलं आहे. गावातून जाताना दारं किलकिली झाली. मी उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही.

पळस फुलले होते, इतके की डोळ्यांना त्रास व्हावा. लुगड्यापलीकडून पुटपुटणं चालू होतं. मग एकदा आवाज आला, "हिऱ्या, त्याइले सांग, छोटी गाडी गेली का."

छोट्या लाईनची सकाळची गाडी हेच आमचं घड्याळ. ती गोंदियाला पोचायच्या आत आपण अलीकडच्या मुर्री गावाला पोचलो तर वेळ आहे. मी म्हटलं, "हिऱ्या, तिले सांग, आजून शिटी नाई झाली." हिऱ्यानं कान हलवला. बरं वाटलं. आई असती तर म्हणाली असती, वेळ हाये, घाबरू नको. हिऱ्या आपल्या पदरचं काही घालत नव्हता.

कामठा मागे टाकला. पुढे सडक पक्की करायची म्हणून गोटे आणून पसरून ठेवले होते, त्यावरून बंडी दणके खात चालली. मागून खोकल्याचा आवाज आला. धूळ उडते आहे, मी म्हटलं मनात. पुन्हा खोकला. मग फळीवर टकटक. मला वाटलं, वाक्य पाठ करताना ताल धरते आहे.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे खाकरणं ही भासऱ्याची खूण. भावसुनेची खूण म्हणजे बांगड्या. भासऱ्याचं लक्ष वेधायचं तर ती बांगड्या वाजवते, तो थांबतो, मधल्या माणसाला विचारतो. लहानीच्या हातात बांगड्या नव्हत्या. आम्हीच पावसाळ्यात फोडल्या होत्या. तिच्याकडे वाजवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती खोकत होती, आणि मी बांगड्यांचा आवाज येत नाही म्हणून निश्चिंत होतो.

मुर्रीच्या अलीकडे नाला आहे. उतरण लागली. तेव्हा कुठे ओरडून आवाज आला, "हिऱ्या, थांब, सांग त्याइले, चाकाची खीळ पडली." वाक्य पुरं व्हायच्या आत डाव्या बाजूचं चाक आसावरून सरकलं. बंडी कलली, कबऱ्या गुडघ्यावर आला, आई, म्हणजे आईचं लुगडं, फाटून माझ्या अंगावर पडलं. खीळ माझ्या हातची होती, पक्की होती. गोट्यांनी उडवली ती. हे आजही कोणी नाही म्हटलं तर मी वाद घालीन.

मी मागे वळलो. वळायला नको होतं, पण वळलो. लहानी तणसात एका कुशीवर, पुस्तक छातीशी, पदर अजून डोक्यावर. तिला हात देता येत नव्हता. ती आपली आपण उठली, खाली उतरली. मी बैल सोडले, पळसाला बांधले. नाल्यात कोरडी वाळू, वर ऊन चढत होतं आणि रस्त्यावर माणूस नाही. गोंदियाच्या बाजूनं लांब, बारीक शिटी आली. छोटी गाडी आली होती.

एकाच माणसाला आस उचलून चाकही बसवता येत नाही. दोन माणसं लागतात आणि त्यांनी एका दमात करावं लागतं. मी पळसाकडे तोंड करून म्हटलं, "हिऱ्या, तिले सांग, चाक उभं धर. मी उचलीन तवा लोटाचं."

"हिऱ्या, सांग, धरलं."

मी आसाखाली खांदा दिला. उचलला. "हिऱ्या, सांग तिले, आता." तोवर खांदा उतरला. चाक आसाला थडकून मागे आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. 'हिऱ्या' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ माझा खांदा टिकत होता. ज्या बोलण्यावर आमचं घर वर्षानुवर्षं नीट चाललं, ते त्या नाल्यात एका चाकाला पुरत नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता. मनात व्याह्यांची छत्री दिसत होती.

मग मी गोटे आणले. थोडं उचलायचं, खाली गोटा सारायचा, परत थोडं उचलायचं. तिसरा थर लावत होतो. डावा खांदा आसाला, उजव्या हातानं गोटा आत ढकलत होतो. लहानी पलीकडे चाक धरून वाकलेली. खालचा गोटा वाळूत बसत चालला होता, ते माझ्या बाजूनं दिसत नव्हतं. तिच्या बाजूनं दिसत होतं.

"हात काढा."

मी हात काढला. विचार केला नाही, कोण बोललं पाहिलं नाही. हात बाहेर आला आणि आस धाडकन खाली आला. वरच्या गोट्याचे दोन तुकडे झाले. पांढरी भुकटी उडाली ती माझ्या बोटांवर बसली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तीही चाकाकडेच बघत राहिली असावी. मग मी परत खांदा दिला, पूर्ण ताकदीनं, आणि त्या वेळी कोणीच हिऱ्याचं नाव घेतलं नाही. मी "हं" म्हटलं. चाक आत गेलं.

हातातल्या काठीचा तुकडा तोडून खीळ ठोकली आणि बैल जुंपले.

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आवारात शांतता होती. फाटकावरचा शिपाई हिंदीत म्हणाला, "पर्चा तो बँट गया, बाबा."

"घ्या ना भाऊ, चाक निघालं होतं," मी म्हटलं. मला बाबा म्हणाला, माझी तेव्हा पंचविशीसुद्धा नव्हती. इतका धुळीनं भरलो होतो.

"नाम क्या है?"

मी बैलांकडे पाहिलं.

"अरे, नाम बोलो, नाम. किसका पर्चा है?"

"माह्या भावाच्या बायकोचा."

"भाई की बीवी का कोई नाम होगा कि नहीं?"

मी फाटकाच्या लोखंडी गजाला धरून उभा. नाव घेतलं असतं तर घेता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेली होती. तेवढ्यात माझ्या मागून तिनं आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, नंबर सांगितला. आवाज कापला नाही. शिपायानं आत पाहिलं, मग फाटक एक माणूस जाईल इतकं उघडलं. "जाओ बेटी, जल्दी. आधा घंटा नहीं हुआ अभी."

मी समोरच्या लिंबाखाली बसलो. बैलांना पाणी पाजलं, स्वतः प्यायला विसरलो. बोटांवरची गोट्याची भुकटी मी धुतली नाही. एकेक बोट उघडून मिटून बघत होतो. पुढे कितीदा तरी मी ते दोन शब्द दुसऱ्या तऱ्हेनं मांडून पाहिले आहेत. तिनं सांगितलं की हात काढावा. तिनं हिऱ्याला सांगितलं की त्याला सांग की हात काढ. कसंही मांडलं तरी तोवर आस खाली आलेला असतो.

परत येताना ऊन कलतं होतं. फाटलेलं लुगडं मी गाठ मारून पुन्हा मधे बांधलं होतं. नाला ओलांडला. मग मागून आवाज आला, "हिऱ्या, त्याइले सांग, डायरेक्ट-इनडायरेक्ट आलं होतं पेपरात."

मी म्हटलं, "हिऱ्या, विचार, जमलं का."

चाक करकरत होतं. "हिऱ्या, सांग, लिहिलं. जमलं का ते मास्तर सांगन."

घरी आईनं विचारलं, "रस्त्यानं काही तरास?" मी म्हटलं, "नाई." आतून लहानी म्हणाली, "नाई." गावानं आईला खोदून खोदून विचारलं, दोघं बोलले का म्हणून. आई म्हणे, "बैलाशी बोलले. मीच सांगतलं होतं." आणि ते पुरलं. आमच्या गावात बैलाशी बोलण्यात कोणाला काही गैर वाटत नाही.

पेपर ते निकाल हा काळ मोहाच्या फुलानं, मग टोळानं, म्हणजे मोहाच्या फळानं, मग आंब्यानं मोजला. निकालाच्या दिवशी व्याही सकाळीच आले, छत्री घेऊन, आणि सोबत रिकामी पेटी. पेटी ओसरीवर ठेवली. लहानी ती पाहून गोठ्यात गेली ती बाहेर आलीच नाही. मी गोंदियाला चालत गेलो. पानठेल्यावर वर्तमानपत्र होतं. नंबर मला पाठ होता, पण आकडे इंग्रजी, म्हणून पानवाल्याकडून वाचून घेतला. पुन्हा वाचून घेतला. तो वैतागून म्हणाला, "अरे है, भाई, है. छपा हुआ मिटता है क्या?"

परत आलो तेव्हा व्याही पेटीशेजारीच बसलेले. मी त्यांच्यासमोरून सरळ गोठ्यात गेलो. खाकरलो नाही. लहानी हिऱ्याच्या पलीकडे उभी होती, तिचे पायच दिसत होते.

मी म्हटलं, "हिऱ्या, तिले सांग. गणपत मले म्हणाला होता, दादा, लहानीचं इंग्रजी काढून टाक. निघालं म्हणा."

असेच्या असे, जसे तो बोलला तसे शब्द. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यापर्यंत जाऊ दिले. हिऱ्याची मान थोडी खाली गेली, जसं कुणी त्याच्या मानेवर डोकं टेकवावं. मी बाहेर येऊन आईला म्हटलं, "पास झाली." आईनं व्याह्यांना म्हटलं, "पास झाली म्हणते." व्याह्यांनी मग डोळे पुसले. रिकामी पेटी इथंच ठेवून गेले. म्हणाले, मास्तरीणबाईले लागन. तिच्यात आज मयुरीची पुस्तकं आहेत.

हे सगळं काल लिहायला घेतलं ते मयुरीमुळं. भिंतीपलीकडे तिनं वही मिटली असावी. म्हणाली, "आजी, मले समजत नाई. तुमी दोघं इतके वर्षं एका घरात. एकदाबी डायरेक्ट बोलले नाई?"

"एकदा बोललो," लहानी म्हणाली.

मी खाटेवर सरळ झालो. इतक्या वर्षांत हे घरात कोणी बोललं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "मयुरी, आजीले सांग, ते बैलाशी बोलली होती."

मयुरी दारात आली, मग परत गेली. पलीकडून त्या सरळ आवाजात उत्तर आलं, "विचार तुह्या आबाले, बैलाले हात असते का?"

मोहाचा वास येत होता. मी माझा उजवा हात पुढे धरला. कातडी सैल झाली आहे, शिरा वर आल्या आहेत, नखं पिवळी. मी तो उघडला, मिटला. मग म्हटलं, "मयुरी, आजीले सांग, पाची बोटं शाबूत हायेत."

मयुरी भिंतीआडून डोकावली. कंटाळली होती. "आबा, ते इथंच बसून हाये. आयकलं तिनं."

"आयकलं असन," मी म्हटलं. "तरी तू सांग."